मोकळी जागा

मार्चमध्ये कंपनीनं कळवलं:
या यंत्राला यापुढे अपडेट मिळणार नाही.
यंत्र मात्र चालू होतं,
त्रिमूर्ती चौकातल्या माझ्या स्टुडिओत, काउंटरखाली,
अल्बमच्या खोक्यांमागे,
सिडको-पाथर्डीची अकरा वर्षांची लग्नं पोटात घेऊन
हळू घुरघुरत.

शनिवारी आमच्याकडे वीज जाते, म्हणून रविवार धरला.
वरच्या निकम क्लासेसचा यूपीएस उसना आणला,
तरी दर दहा मिनिटांनी पंख्याकडे बघत होतो.

चार स्क्रू दिसणारे,
पाचवा वॉरंटीच्या स्टिकरखाली.
झाकण निघालं तर आत राखाडी, मऊ धूळ
आणि तिच्यात दोन अक्षता.
कुठल्या तरी मांडवातून माझ्या खिशात,
खिशातून इथे.

डिस्का आधी काढल्या. पेनानं लिहिलं, एक, दोन.
पंचात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या,
घराला रंग देताना देव ठेवतात तशा.

बोर्डाच्या कडेला चार रिकामी भोकं होती.
कंपनीनं स्वतःपुरती ठेवलेली, बोलायची जागा.
सातपूरला मोटारी बांधणाऱ्या फकिरा मिस्त्रीनं
चष्मा कपाळावर सरकवून तिथे चार पिना झाळून दिल्या होत्या.
म्हणाला, असल्या कामाचे पैसे काय घ्यायचे,
ते माझे डोळे घेतं.

अकरा वर्षं ते माझ्याशी फक्त निळ्या दिव्यानं बोललं.
आता काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ:
मेमरी किती, घड्याळ किती, कुठून सुरू करू,
आणि मध्येच तीन सेकंद,
थांबवायचं असेल तर कळ दाबा.
दोनदा हुकलं.
तिसऱ्यांदा बोट कळीवर ठेवूनच बटण दाबलं,
खो मिळायच्या आधीच उठणाऱ्या पोरासारखं.

पेनड्राइव्हमधून नवं आत जायला लागलं.
कुणी अनोळखी माणसांनी रात्री जागून लिहिलेलं,
फुकट. पावती नाही, ग्राहक क्रमांक नाही.
सोळाव्या मिनिटाला चार ठिपके येऊन थांबले
आणि मुहूर्त तासभर टळला तरी कॅमेरा न हलवणारा मी
उठून शटर अर्धं ओढून आलो.

मग डिस्का. एक एकात, दोन दोनात.
एकीत जे, तेच दुसरीत, अशा आरशातल्या जावा.
सगळी लग्नं होती. मोजली.
एक जास्त भरलं.

जुनं यंत्र एक कप्पा दाखवत नसे.
नव्याला लपवायला कुणी सांगितलेलं नाही.
कप्प्यात: बोडके-जगझाप, गंगापूर रोड, मे महिना,
दोनशे चौदा जीबी.

ती आली होती, सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी,
स्कूटीची चावी मुठीत.
सगळं पुसा, म्हणाली. माझ्यासमोर.
यंत्रानं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं.
पुन्हा विचारलं. पुन्हा हो.
गेलं, मी तिला म्हणालो.
तिनं पाचशेची नोट काढली, मी घेतली नाही,
आणि त्याचं मला बरेच दिवस बरं वाटत राहिलं.

गेलं नव्हतं.
माझ्या काउंटरखाली, दोन प्रतींत,
अंतरपाटापलीकडे मान खाली घालून
ती उभीच होती.

फोन करावा? नंबर तिच्याच फोल्डरमध्ये असेल,
आणि तो उघडायचा नाही, एवढं तरी.

नव्याला एक ओळ लिहून द्यावी लागते.
नक्की का, असं ते विचारत नाही.
नाव तीनदा वाचलं,
एक अक्षर गळलं असतं तर अख्खा मे गेला असता.
एंटर.

डिस्का थोडा वेळ खरखरल्या.
मग काही नाही, नुसता कर्सर.
जागा विचारली. सकाळपेक्षा दोनशे चौदा जास्त.

शटर वर केलं. क्लासची पोरं जिन्यावरून उतरत होती.
टेबलावर त्या दोन अक्षता तशाच.
चिमटीत घेतल्या,
आणि कुठे टाकाव्यात ते सुचेना.